लपवलेला डोळा

पोतं सोडायचं, मूठभर लोकर मांडीवर ओढायची आणि मेलेल्या मेंढीची लोकर जिवंत मेंढीच्या लोकरीतून वेगळी काढायची, हे काम त्या वसंतात माझ्याकडे होतं. गावात दुसऱ्या कुणाला ते जमत नव्हतं. हिवाळ्यात जूट पडला होता, म्हणजे आधी बर्फ, मग पाऊस, मग पुन्हा कडाका, आणि गवतावर बर्फाचा टणक थर. मेंढ्यांचे खूर रक्ताळले, तोंडं सोलली, पण थर फुटला नाही. वाड्यावाड्यांत मेंढ्या उभ्याच्या उभ्या मेल्या. बायकांनी त्यांच्या अंगावरची लोकर उपटून पोत्यांत भरली, आणि त्या धांदलीत ती शरदातल्या चांगल्या लोकरीत मिसळली. मेलेल्या मेंढीच्या लोकरीचा नमदा, म्हणजे ओली लोकर तुडवून केलेला जाड गालिचा, धरत नाही. कितीही गरम पाणी ओता, कितीही तुडवा, पहिल्याच हिवाळ्यात तो फाटतो. डोळ्यांना दोन्ही लोकरी सारख्याच दिसतात. माझ्या बोटांना फरक कळायचा, कारण चार वर्षं मला बोटांचाच आधार होता.

माझं नाव कोइचुमान. नारीनच्या खोऱ्यात चाळीस वर्षं मेंढ्या राखल्या. डावा डोळा तरुणपणीच घोड्यावरच्या खेळात चाबूक लागून गेलेला. उजव्यात मोतीबिंदू उतरला आणि एका हिवाळ्यात सगळं पांढरं धुकं झालं. पहिलं वर्ष मी फार वाईट काढलं. सगळ्यांना शिव्या दिल्या, मुलाला सांगितलं की मला डोंगरावर नेऊन सोड. दुसऱ्या वर्षी कधीतरी माझ्या लक्षात आलं की माझं बरं चाललंय. हे सांगायची लाज वाटते.

आंधळ्यासमोर लोक तोंड सांभाळत नाहीत. कुरणावरून भांडणारे दोघे भाऊ माझ्याकडे निवाड्याला आले, तेव्हा त्यांचे रडवेले चेहरे मला दिसत नव्हते, त्यामुळे कुणाचा घसा कोरडा पडतोय ते नीट ऐकू आलं. बायकांच्या लोकरीच्या बैठकीत पुरुषाला कुणी बसू देत नाही, मला बसू दिलं. डोळे होते तेव्हा मी चारशे मेंढ्या तोंडावरून ओळखायचो, आणि माझी बायको तोतू दोन वर्षं खोकत होती ते तिला मातीत ठेवल्यावर आठवलं. आंधळा झाल्यावर पहिल्यांदा मी घरात राहिलो.

पण सगळ्यात मोठी कमाई म्हणजे माझी सून.

कानिशाई लग्न होऊन आली त्याला सात वर्षं झाली. आमच्याकडे सून सासऱ्यापुढे डोकं उघडं ठेवत नाही, पाय पसरत नाही, मोठ्यानं हसत नाही, पाठ दाखवत नाही. खोलीतून जाताना उलटी चालत दारापर्यंत जाते. सासऱ्याचं नाव घेत नाही आणि नावात येणारा शब्दही टाळते. कोइ म्हणजे मेंढी, तेव्हा मेंढपाळाच्या घरात येऊन त्या पोरीला मेंढी म्हणायची चोरी झाली. ती 'बें करणारी' म्हणायची. पहिल्या तीन वर्षांत मी तिचा रुमाल, तिची मनगटं आणि तिनं पुढे केलेला चहाचा वाडगा एवढंच पाहिलं असेल. सासऱ्यानंही सुनेकडे रोखून बघायचं नसतं. तिचा आवाज मला ठाऊक नव्हता.

आंधळ्याला मान हलवून उत्तर देता येत नाही. "आबा, पायरी," हा तिचा मी ऐकलेला पहिला शब्द. मग "आबा, चहा उजव्या हाताला." मग "आबा, ती खुर्ची नाही, ते वासरू आहे." सहा महिन्यांत ती गावच्या मुख्याध्यापकाची नक्कल करून दाखवायला लागली. एक दिवस तिच्या बोलण्यामागे रुमालाची खसखस ऐकू आली नाही. तिनं रुमाल काढून ठेवला होता. मी काही बोललो नाही. पुढे ती खोलीतल्या मानाच्या जागेवर पाय पसरून बसायला लागली, ते तिच्या गुडघ्यांच्या आवाजावरून कळायचं. तरीही मी काही बोललो नाही. घरात कुणीतरी माझ्याशी बोलत होतं.

"सुनेचं नशीब बघ तुझ्या," शेजारची साबिरा एजे, म्हणजे साबिराताई, लोकर पिंजता पिंजता म्हणायची. साबिरा नवऱ्याला आणि सासऱ्याला दोघांनाही पुरून उरलेली. "माझा सासरा एक्क्याण्णव वर्षं जगला, आणि शेवटपर्यंत त्याला समोरच्या डोंगरावरचा ससा दिसायचा. बावीस वर्षं उलटी चालले मी त्या घरात. दोनदा शेगडीवर बसले."

"म्हणजे मी आंधळा झालो ते चांगलंच केलं म्हण की."

"मला काय विचारतोस? सुनेला विचार."

"मी काही बोलणार नाही एजे," कानिशाई म्हणायची. "आबांचे कान तिखट आहेत. ते माझ्या मनातलं पण ऐकतात." आणि हसायची.

माझाही तसाच समज होता, की मला सगळं ऐकू येतं.

मार्चमध्ये जिल्ह्याच्या गावी डोळ्यांचे डॉक्टर आले. माझा मुलगा मिर्लान मला घेऊन गेला. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी काढली तर पुन्हा धुकंच. "आत सूज आहे," डॉक्टर म्हणाले. "उतरेल, नाही उतरणार, सांगता येत नाही. वाट बघा." मिर्लाननं मला घरी परत आणलं. त्याला वाटलं सगळं फुकट गेलं. मला काय वाटलं ते आता सांगतो. मला हायसं वाटलं. एप्रिलच्या मध्यावर मिर्लान उरलेल्या मेंढ्या दुसऱ्यांच्या कळपात घालून वरच्या कुरणांवर गेला, आणि घरात मी आणि कानिशाई दोघंच राहिलो.

त्यानंतर आठवडाभरानं एका सकाळी मी अंथरुणावर उठून बसलो आणि मला खिडकीची चौकट दिसली. मग शेगडीचा काळा पाईप दिसला. मग माझ्याकडे पाठ करून, घमेल्यावर वाकून केस धुणारी एक बाई दिसली. बाह्या कोपरापर्यंत सारलेल्या, केस मोकळे, कमरेपर्यंत. ती वळली, ओल्या केसांतून माझ्याकडे बघून म्हणाली, "उठलात आबा? थांबा, हात ओले आहेत, चहा देते." आणि पुन्हा वाकली.

मी तेव्हाच बोलायला हवं होतं. 'पोरी, रुमाल घे, मला दिसतंय,' एवढेच शब्द. पण ती शरमेनं मेली असती. सासऱ्यानं सुनेला मोकळ्या केसांनी पाहिलं ही गोष्ट आमच्याकडे माणसं दोन पिढ्या विसरत नाहीत. म्हटलं, ती रुमाल बांधेल तेव्हा सांगू, जणू आत्ताच उजेड आला. पण तिनं रुमाल बांधलाच नाही. कशाला बांधेल? केस वाळवत माझ्यासमोर बसली आणि साबिराच्या कोंबडीची गोष्ट सांगायला लागली. मी मान खाली घालून ऐकत राहिलो. संध्याकाळी सांगू म्हटलं. संध्याकाळी म्हटलं उद्या.

तिची लाज वाचवत होतो असं मी स्वतःला सांगत होतो. ते निम्मं खरं होतं. उरलेलं निम्मं असं, की मी बोललो असतो तर ती गप्प झाली असती.

तिचा चेहरा मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. रुंद कपाळ, पुढच्या दातांत फट, हनुवटीवर भाजल्याचा जुना डाग. आवाजावरून मी भरल्या गालांची पोरगी धरून चाललो होतो. ही वाळलेली होती. गळ्याची हाडं वर आलेली, डोळ्यांखाली काळं. आणि ती उजेडात बाजूनं उभी राहिली तेव्हा दिसलं की पोट पुढे आलंय. पाचवा महिना असावा. ही गोष्ट सून सासऱ्याला कधी सांगत नाही, ती त्याला दिसते तेव्हा कळते.

त्या दिवशी काठी टेकत, चाचपडायचं सोंग करत मी वाड्यामागे गेलो. मला सांगितलं होतं, जुटात पंधराएक मेल्या. तिथल्या ढिगातल्या कवट्या मोजायला लागलो आणि चाळिशीला थांबलो. म्हणजे आमच्या पन्नासएक मेंढ्यांतल्या मिर्लान वर घेऊन गेला होता त्या अकरा-बारा असतील. चार महिने दोघांनी मला खोटं सांगितलं होतं, आणि मी रोज संध्याकाळी शेगडीजवळ बसून पुढच्या वर्षी कळप कसा वाढवायचा ते त्यांना समजावत होतो. दोघं 'हो आबा, हो आबा' म्हणत होते.

मग जेवण. हिवाळ्यात कापलेल्या जनावराचं वाळवलेलं मांस कोठीत टांगलेलं असतं, ते वसंतापर्यंत पुरवायचं. कोठीत आता दोन बरगड्या लटकत होत्या. कानिशाईनं एक तुकडा उकळला, माझ्या वाडग्यात ठेवला, वर रस्सा ओतला. स्वतःच्या वाडग्यात नुसतं गरम पाणी घेतलं, त्यात मीठ आणि शिळ्या भाकरीचे तुकडे.

"मांस घेतलंस का तू?" मी विचारलं. हा माझा रोजचा प्रश्न होता.

"घेतलं की आबा. चांगला मोठा तुकडा आहे. मऊ शिजलाय." आणि ती भाकरीचा तुकडा तोंडात घालून चावायला लागली. मोठ्यानं, मांस चावावं तसं, गाल हलवून, मध्येच बोटं चोखल्याचा आवाज काढून. चेहरा मात्र कोरा होता, कामावर असलेल्या माणसाचा. मी तोच आवाज सगळा हिवाळा ऐकला होता आणि मनात म्हटलं होतं, जूट पडला तरी आपल्या घरात सून पोटभर जेवते.

मी माझा तुकडा संपवला.

दुसऱ्या दिवशी म्हणालो, "पोरी, आज मला मांस नको. पोट जड वाटतंय."

"जड? कालपासून? अंग गरम आहे का?" तिनं हात पुसून माझ्या कपाळाला लावला, साबिराला बोलावलं, दोघींनी माझी जीभ पाहिली. आणि कानिशाईनं कोठीतली शेपटाची चरबी, घरात होती तेवढी सगळी, वितळवून माझ्या रश्श्यात घातली. माझ्या शहाणपणाचं फळ हे.

तिसऱ्या दिवशी ती शेगडीकडे वळली तेवढ्यात मी माझा तुकडा तिच्या वाडग्यात टाकला. ती परत आली, थांबली. "आबा, वाडगा चुकला तुमचा," ती म्हणाली आणि तुकडा फुंकर मारून माझ्या वाडग्यात परत ठेवला.

"पोरी," मी म्हणालो, "तुझ्या चावण्याचा आवाज भाकरीचा वाटतो मला."

ती हसली. हसताना खालचा ओठ दातांत धरलेला मी पाहिला. "इतकं मऊ शिजवलंय मी, आबा. कान फसतात तुमचे."

फसतात म्हणाली त्यात खोटं काही नव्हतं.

मग मी साबिराला गाठलं. ती कुंपणापाशी गोवऱ्या रचत होती.

"माझ्या सुनेला या दिवसांत जड काम सांगू नकोस."

"का?"

"पावलं जड वाजतात तिची."

साबिरानं हातातली गोवरी खाली ठेवली. "तुला कळलं तर. कान आहेत की काय आहेत तुझे. हे बघ, तोंड मिटून बस. मागच्या वर्षीचं राहिलं नाही, म्हणून या खेपेला ती कुणाला सांगत नाहीये. मिर्लानलाही वर जायच्या आदल्या दिवशी सांगितलं."

मागच्या वर्षीचं मला माहीतच नव्हतं. मागच्या वर्षी ती चार दिवस झोपून होती, तेव्हा मला सर्दी सांगितली होती, आणि मी अंथरुणाजवळ बसून तिच्याकडून मुख्याध्यापकाची नक्कल करवून घेतली होती.

"ती नीट जेवते ना?" मी विचारलं.

"ते तू मला विचारतोस? तुझ्यासमोर जेवते ती."

मी काठी आपटत घरी आलो. त्या दिवशीही सांगितलं नाही. तिच्या तोंडची भाकरी दिसत होती आणि तिची बडबडही ऐकू येत होती, आणि मला दोन्हींतलं एक निवडायचं होतं. रोज संध्याकाळी मी बडबड निवडली. बाहत्तर वर्षांच्या माणसानं एका गरोदर पोरीच्या वाट्याचं मांस तेवीस दिवस खाल्लं, ते डोळ्यानं बघत खाल्लं. मांस असायचं चिमूटभरच, पण होतं ते माझ्या पोटात गेलं.

दिवसा लोकर होती. नमदा घालायचा होता. हमरस्त्यावरचा एक माणूस दोन मोठ्या नमद्यांच्या बदल्यात दोन पोती पीठ द्यायला तयार होता. मी अंगणात पोत्यांपाशी बसून निवडायचो आणि निवडलेली लोकर पुन्हा पोत्यात बांधायचो. माझं काम एवढंच होतं, मेलेली बाजूला, जिवंत बाजूला. पांढरी, तपकिरी, ते बायका नंतर बघायच्या. पण हात पूर्वीसारखे चालेनात. बोटं लोकर चाळत असायची आणि मी बघत असायचो डोंगराकडे, साबिराच्या कोंबड्यांकडे, जास्त करून कानिशाईकडे. चार वर्षांचा उपाशी डोळा होता तो, त्याला आवर नव्हता.

मेच्या मध्यावर ऊन चांगलं पडलं तशी दोघींनी बोरूची चटई अंगणात पसरली. तिच्यावर लोकरीचे थर घातले, उकळतं पाणी शिंपडलं, चटई गुंडाळून दोरांनी आवळली आणि तुडवायला लागल्या. साबिरा एका टोकाला, कानिशाई दुसऱ्या टोकाला. पायानं ढकलायचं, गुंडाळी पुढे जायची, पुन्हा ढकलायचं. वाफ निघत होती. साबिरा तिला विसावा घे म्हणत होती आणि कानिशाई आवाज उंच करून, मला ऐकू जाईल असं, "मला काय झालंय एजे, तुम्हीच दमलात," म्हणत होती. बोलताना ती हसत होती. हात मात्र पाठीच्या कण्यावर दाबलेला होता, कपाळाला घाम होता, आणि एका ढकलण्यासरशी तिनं डोळे घट्ट मिटून तोंड वळवलं. मी शेवटचं पोतं निवडत होतो. तिच्या पावलांवरून माझी नजर हटत नव्हती. मनात म्हणत होतो, आता बसेल, आता बसेल.

गुंडाळी सोडल्यावर एका कडेला लोकर कमी पडली होती. कानिशाई टोपली घेऊन माझ्याकडे आली. वाकली आणि तशीच राहिली.

मी खाली पाहिलं. माझ्या डाव्या गुडघ्यापाशी पांढऱ्या लोकरीचा ढीग होता. उजव्या गुडघ्यापाशी तपकिरी लोकरीचा. पांढऱ्यात एक तपकिरी तंतू नव्हता. माझ्या हातांनी मेलेली-जिवंत काही पाहिलं नव्हतं, ते डोळ्याच्या मागे गेले होते.

मी मान वर केली. ती माझ्याकडे बघत होती. आमची नजरानजर झाली, त्या घरात ती आल्यापासून पहिल्यांदा, आणि मी नजर खाली वळवली. आंधळा माणूस नजर वळवत नाही.

"मिळाली का गं लोकर?" साबिरा किटली घेऊन आमच्याकडेच येत होती.

कानिशाईनं दोन्ही हात ढिगांत खुपसले आणि पांढरी-तपकिरी सगळी एकत्र कालवली. झटपट, कणीक मळावी तशी. "आबांचं अजून निवडून झालेलं नाहीये एजे," ती म्हणाली. "मी दुसऱ्या पोत्यातली आणते."

दुपारभर तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. संध्याकाळी साबिरा घरी गेली. एरवी साबिराची पाठ वळली की कानिशाई रुमाल काढून खुंटीला लावायची. त्या दिवशी रुमाल भुवयांपर्यंत खाली होता. तिनं दस्तरखान, जेवणाचं कापड, अंथरला, शेवटच्या बरगडीचा तुकडा माझ्या वाडग्यात ठेवला, वर रस्सा ओतला. स्वतःच्या वाडग्यात पाणी आणि भाकरी. मी विचारलं नाही तरी ती म्हणाली, "मी माझं घेतलंय आबा." आणि माझ्या तोंडाकडे बघत भाकरी चावायला लागली, रोजच्यासारखीच मोठ्यानं.

सोंग चालू ठेवायची वाट तिनं मला मोकळी ठेवली होती. मी मान्य केलं असतं तर तिनं ते आयुष्यभर चालवलं असतं, असं मला वाटतं.

मी माझ्या वाडग्यातला तुकडा उचलला आणि चाचपडल्याशिवाय, हात सरळ नेऊन तिच्या वाडग्यात ठेवला. पाणी दस्तरखानावर सांडलं. मोठ्या माणसानं हातानं दिलेला घास सुनेनं नाकारायचा नसतो.

"खा," मी म्हणालो. "दोघांपुरतं खा."

तिचा हात पोटाकडे गेला.

"कधीपासून, आबा?"

खरं सांगायची ती वेळ होती. तेवीस दिवस, केस धूत होतीस त्या सकाळपासून. पण तिचे कान लाल झाले होते आणि रुमालाची कड तिच्या मुठीत आवळलेली होती.

"आज सकाळपासून," मी म्हणालो. "लोकर निवडता निवडता उजेड आला. मला वाटलं भास आहे, म्हणून बोललो नाही."

"आज सकाळपासून?"

"आज सकाळपासून."

तिनं सुस्कारा टाकला. मूठ सुटली. "देव पावला आबा," ती हळू म्हणाली, दोन्ही हात तोंडावरून फिरवले आणि मान खाली घालून तो तुकडा खाल्ला. तिनं खाऊन संपवेपर्यंत मी भिंतीकडे बघत बसलो. मग ती वाडगे उचलून उभी राहिली आणि उलट्या पावलांनी दारापर्यंत गेली. चार वर्षांत सवय मोडली होती, उंबऱ्यापाशी ती अडखळली.

त्यानंतर घर गप्प झालं. चहा यायचा, वाडगा दोन्ही हातांनी पुढे व्हायचा, ती जायची. काही सांगायचं असेल तर साबिराच्या तोंडून. तिच्या वाट्याचं दूध मी स्वतःच्या हातानं ओतायला लागलो, कुरुताचे, म्हणजे वाळवलेल्या दह्याचे, गोळे मोजून तिच्यापुढे ठेवायला लागलो, आणि ती ते मुकाट खायची. गालांवर थोडं मांस चढलं. तेवढं मी बघत होतो.

बातमी वरच्या कुरणापर्यंत गेली. मिर्लान घोड्यावरून आला, दारातच माझ्या गळ्यात पडून रडला, किती मेंढ्या उरल्यात ते खरं सांगितलं आणि अकरातली एक मेंढी ओढत अंगणात आणली. दृष्टी परत आल्याबद्दल देवाला द्यायची. मी म्हणालो, नको रे, दहा राहतील. तो म्हणाला, "आबा, तुमच्या डोळ्यापुढे मेंढीचं काय?" गाव जमलं. म्हाताऱ्यांनी मला बोटं दाखवून किती आहेत ते विचारलं. कोणत्या दिवशी दिसायला लागलं असंही विचारलं, आणि मी प्रत्येकाला तोच दिवस सांगितला, नमदा घातला तो. एवढ्या लोकांना सांगितल्यावर तो दिवस खराच होऊन बसला.

"झालं कानिशाई," साबिरा मांस वाढता वाढता म्हणाली. "आता शेगडी कुठे आहे ते पाठीनं लक्षात ठेव."

सगळे हसले. कानिशाई हसली नाही. तिनं माझ्यापुढे मेंढीचं डोकं ठेवलं, घरच्या वडीलधाऱ्याला देतात तसं, आणि उलटी चालत बायकांच्यात गेली.

मिर्लान परत वर गेला. हमरस्त्यावरच्या माणसाला दुसरा नमदा हवा होता. एका दुपारी मी घरात एकटा बसलो होतो. कानिशाई चहा घेऊन आली. वाडगा ठेवला, पण गेली नाही. रुमाल खाली, नजर जमिनीवर, हात एकमेकांत. पोट आता चांगलं दिसत होतं.

"आबा," ती म्हणाली. तीन आठवड्यांत माझ्याशी बोललेला तो पहिला शब्द होता, आणि मूर्खासारखा मी आनंदलो.

"बोल पोरी."

"कोठीतलं आधीचं पोतं आज उघडलं. तुम्ही एप्रिलमध्ये निवडून बांधलं होतं ते."

मी चहाचा वाडगा उचलला.

"त्यातही पांढरी एका बाजूला आहे. तपकिरी एका बाजूला."

मी वाडगा खाली ठेवला. बाहेर साबिराच्या कोंबड्या ओरडत होत्या. माझ्या तोंडात शब्द आले ते सगळे खोटेच होते, म्हणून मी तोंड उघडलं नाही.

"मी ती कालवून ठेवलीय," ती म्हणाली. "कुणाला सांगितलं नाही. सांगणार नाही."

ती आणखी थोडा वेळ उभी राहिली, मी काही म्हणेन म्हणून असेल. मग ती मागे सरकत गेली, एक एक पाऊल चाचपत, हात पोटाखाली धरून, आणि पाठ न दाखवता बाहेर पडली.